मोशीतले दोन

शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा दुपारचे बरोबर दोन. आत सामसूम. पहिलीची पोरं केव्हाच घरी गेलेली. एकट्या स्वयंपाकाच्या मामा उजीचं, म्हणजे इथल्या पिठाच्या पेजेचं, पातेलं घासत बसलेल्या. (इथे टांझानियातल्या मोशीत मोठ्या बाईला मामा म्हणतात. दोन आठवडे झाले, माझं हसू अजून थांबत नाही.)

काल निरोप होता, 'सा म्बिली'ला या. सा म्हणजे तास, म्बिली म्हणजे दोन, एवढं स्वाहिली मला आलं होतं. पण इथलं घड्याळ सूर्य उगवला की सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन. सहा तास उशिरा उगवले होते मी!

मोडक्यातोडक्या स्वाहिलीत म्हटलं, आमच्याकडे दिवस रात्री बारापासून मोजतात.

मामांनी हात थांबवला. "रात्री बाराला? तेव्हा उठून मोजतं कोण?"

काय सांगणार! विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने साधारण सहा-साडेसहाला उजाडतं. त्यांचा हिशोब सरळ आहे. आणि आजीच्या पंचांगातला दिवस तरी कुठे मध्यरात्री सुरू व्हायचा? तोही सूर्योदयालाच.

उद्या परत सा म्बिली. गजर आठचा लावू की दोनचा?