सरांचा चणा

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असा फोन आला, तेव्हा मी ऐरोलीत माझ्या संघातल्या मुलींकडून व्हॉलीबॉलची सर्व्हिस उचलण्याचा सराव करून घेत होते. मराठीच्या बाई, प्रयोगशाळेतले मामा, सगळ्यांवर लिहायला हवं. पण माझी गाडी पी.टी.च्या सरांपाशीच अडणार, हे 1996 च्या दहावीच्या मुलींना ठाऊक आहे.

सर मुलींचं नेट 2.24 मीटरवरच लावत. बांबूवर खूण केलेली. दोन्ही टोकांना मोजायचं, मग मधे, आणि मधे झोळ दिसला की दोरी पुन्हा ताणायची. मी हात वर केला तरी वरची पट्टी दूरच. स्मॅशच्या रांगेतून मला बाहेर काढून सरांनी मागे उभं केलं. "उंचीचं काय घेऊन बसलीस? गुडघ्याखालचा बॉल तुझा." मग भिंतीवर बॉल मारून अंडरआर्म पास. कोपर वाकलं की पहिल्यापासून. हात लालबुंद व्हायचे, आई विचारायची, "कुठे आपटलीस गं?"

कॉलेजात गेल्यावरही बुटकेपणा आड येतच होता. 1998 मध्ये एका संध्याकाळी सर ठाण्याच्या तलावपाळीला भेटले. हातात दाणे-चण्यांची पुडी. कट्ट्यावर बसून त्यांनी सहा खारे दाणे दोन रांगांत मांडले आणि बाजूला एक चणा ठेवला. "हा लिबेरो. नवा नियम आलाय. जर्सी वेगळ्या रंगाची. मागच्या रांगेत कुणाच्याही जागी येणार, बदली मोजायची नाही. सर्व्हिस नाही, ब्लॉक नाही, नेटच्या वरून स्मॅश नाही. नुसता बॉल उचलायचा." मागचा एक दाणा उचलून तिथे चणा सरकवला. "ही तू." एवढं बोलून चणा खाऊनही टाकला! शिकवणं झालं की सर रेंगाळत नसत.

आमच्या स्पर्धांत तो नियम जरा उशिराच आला, पण आला तेव्हा मी तयार होते. त्याच सुमारास गुणांची पद्धतही बदलली. आधी आपली सर्व्हिस असेल तरच गुण आणि 15 चा सेट. आता प्रत्येक रॅलीला गुण आणि सेट 25 चा. सर्व्हिस उचलता आली नाही की समोरच्यांना फुकटचा गुण. मागे उभी राहणारी मुलगी एकदम महागडी झाली. विद्यापीठाच्या संघात मी त्याच जागेवर खेळले, पुढे पतियाळाला सहा आठवड्यांचा प्रशिक्षकांचा कोर्स केला आणि तेव्हापासून मैदानातच आहे. माझ्या दोन मुली यंदा राज्याच्या निवड चाचणीला गेल्या. दोघी बुटक्या, हे मुद्दाम सांगते.

मागच्या महिन्यात शाळेत डोकावले. आपल्या लाल मातीच्या ग्राउंडवर पेव्हर ब्लॉक बसलेत आणि त्यावर गाड्या. पेव्हरवर डाइव्ह मारायला कोणती मुलगी धजेल? इमारत झकास झाली आहे, वाद नाही. पण कोर्ट 18 बाय 9 मीटरचं, भोवती तीन-तीन मीटर मोकळे, म्हणजे अवघी 24 बाय 15 मीटर जागा लागते. विश्वस्तांनी तेवढे ब्लॉक काढून द्यावेत. माती, नेट आणि खांब माजी विद्यार्थिनी देतील. माझ्या बॅचमधल्या सगळ्यांशी बोलून झालंय. नेट मात्र सरांनीच मोजून बांधायचं.