पेवापासून पावडरीपर्यंत : आमची वाटचाल

पेढीला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने लिहायला बसवलं. म्हणाली, बाबा, सुरुवातीपासून लिहा. सुरुवात दोन ओळींची आहे. आमचे आण्णा दुसऱ्याच्या अडतीवर दिवाणजी होते, मामांनी भांडवल घातलं आणि 1994 साली सांगलीच्या मार्केट यार्डात गाळा घेतला. सौद्यात, म्हणजे यार्डातल्या लिलावात, राजापुरी हळद घ्यायची, पॉलिश करायची, लांबट हळकुंड आणि गोल गड्डा वेगळा करायचा, गुजरातला पाठवायची. दहा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते 2005 च्या पुराचं, कारण त्यात कोण दूरदृष्टीने वाचला आणि कोण नशिबाने सावरला याबद्दल बाजारात जे बोललं जातं ते निम्मं खोटं आहे.

तेव्हा बहुतेकांचा माल सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत असायचा. आता पेवं फारशी राहिली नाहीत म्हणून नव्या पोरांसाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार : पंधरा-वीस फूट खोल, तोंड लहान आणि पोट मोठं, तळाला आणि कडेला पाला नि चटया. तोंड मातीने बंद केलं की आत हवा राहत नाही, त्यामुळे कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकते आणि रंग आणखी धरते. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा; विझला तर वर बसून राहायचं. आण्णांनी या बाबतीत कधी कुणाची घाई ऐकली नाही. असली जागा भाड्याने मिळत होती हे सांगलीच्या हळदीचं भाग्यच. पण कृष्णा-वारणेचा संगम तिथंच आहे, हेही विसरून चालत नाही.

जुलैच्या शेवटी पाऊस लागला तो थांबेना. पाणी हरिपुरात शिरलं आणि पेवं भरली. पाणी ओसरल्यावर तोंडं उघडली तेव्हा जो वास आला तो हळदीचा नव्हता. आतला माल आंबून गरम झाला होता, हात घालवत नव्हता. पंप लावले, गाळ उपसला, गच्चीवर आणि रस्त्यावर ताडपत्र्या टाकून हळद वाळवली. हळकुंड मोडलं की आत काळं. वर्षाचं भांडवल, त्यात मामांचं निम्मं, मातीमोल भावात गेलं. एका बँकेच्या साहेबांनी तर चहा पाजून सांगितलं की गाळा विकून टाका, निदान अब्रू राहील.

त्याच वर्षी आमच्या ओळीतल्या एका व्यापाऱ्यांची पेवं रिकामी होती. नाव घेत नाही, यार्डात सगळ्यांना ठाऊक आहे. रिकामी का होती? जावयाशी भागी तुटली, वाटणी करायला सगळा माल मिळेल त्या भावाने जुलैच्या सुरुवातीला काढावा लागला. त्या विक्रीत तोटा झाला म्हणून ते महिनाभर कुणाशी धड बोलत नव्हते. पूर आला आणि तोट्याची दूरदृष्टी झाली. पुढे एका सत्कारात शाल अंगावर घेऊन त्यांनी सांगितलं, “व्यापाऱ्याला पाण्याचा वास आधी यायला हवा.” समोर आण्णा बसले होते. मी ते वाक्य विसरलेलो नाही.

आम्हाला उभं केलं ते राजकोटच्या शेठजींनी. पुराच्या कितीतरी आधी त्यांना गेलेल्या एका गाडीत काही पोती उकडताना कमी शिजलेली निघाली. अशा हळकुंडाचा रंग वरून सारखा दिसतो, मोडल्यावर मध्ये फिकट असतो. शेठजींनी फक्त भाव कमी मागितला होता. आण्णांनी गाडीच परत बोलावली, दोन्ही बाजूंचं भाडं आम्ही भरलं. मामा त्या दिवशी जेवले नाहीत, इतके चिडले होते. पुरानंतर त्याच शेठजींचा फोन आला. आण्णा म्हणाले, थोडा माल उधारीवर उचलून नमुना पाठवतो. ते म्हणाले, “नमूना रहने दो, माल भेजो.” आणि पैसे आधी पाठवले. आमच्या धंद्यात न बघता माल मागणं याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

मामा शेवटपर्यंत म्हणत, नशीब आपलं, फोन आला. मला हे पटत नाही. फोन वेळेवर आला, एवढं नशीब मानतो. पण हरिपुरात बुडालेले आम्ही एकटे नव्हतो, आणि फोन प्रत्येकाला आला नाही.

पुढचा हिशेब उलटा आहे, तोही लिहितो. 2010 च्या अखेरीस हळद क्विंटलला पंधरा हजारांपुढे गेली. जो तो साठा करत होता, वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, शिरत होता. शाल मिळालेले ते सगळ्यांत पुढे. आमच्याकडे साठ्याला पैसाच नव्हता, जुनं देणं फिटायचं होतं. मग चढा भाव बघून सगळ्यांनी हळदच लावली, इकडे सांगलीत तशी तिकडे इरोड-निजामाबादेतही. 2012 उजाडलं तेव्हा भाव चार हजारांच्या घरात. साठेवाले झोपले. लोक मला म्हणाले, तुम्ही सावध राहिलात. त्यांना काय सांगणार, खिसा सावध होता. ते गृहस्थ मात्र तेव्हा म्हणाले, नशिबाने दगा दिला. मिळालं ते त्यांच्या अकलेने, गेलं ते नशिबाने; असा जमाखर्च मला कधी लिहिता आला नाही.

पावडरीची गिरणी कुपवाड एमआयडीसीत टाकली, कारण गावातली जागा परवडत नव्हती. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, पेठा बुडाल्या, गिरणीला थेंब लागला नाही. त्याबद्दल माझं दूरदृष्टी म्हणून कौतुक होतं. मी गप्प ऐकून घेतो. दुसऱ्यांनीही घेतलंच होतं.

गिरणीबद्दल दोन शब्द. चक्की तापली की हळदीतलं तेल उडतं आणि हाती राहते ती पिवळी माती. म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटे दळतो, वीजबिल आणि कामगारांची कुरकुर सोसून. पॉलिशच्या ढोलाचा पत्रा आण्णांच्या काळातला आहे, मोटर तेवढी नवी. या धंद्यात येणाऱ्यांनी चकाकीवर जाऊ नये, चकाकी ढोल देतो. पोत्याच्या तोंडची हळद बघू नये, नमुना काढायची नळी तळापर्यंत खुपसावी. हळकुंड कानाजवळ धरून मोडावं. नीट वाळलेलं टणकन् वाजतं. ओली पाच किलो वाळून जेमतेम एक किलो होते, तेव्हा शेतकऱ्याशी रुपयासाठी ताणू नये, तो पुढच्या वर्षी चांगला माल शेजारच्या गाळ्यात उतरवतो. आणि वायद्याचा भाव मोबाईलवर दिवसभर बघणाऱ्याला मुलगी देऊ नये, हे माझं वैयक्तिक मत.

शेठजी गेले. त्यांचा मुलगा प्रत्येक गाडीला करक्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा, रिपोर्ट मागतो, सीलबंद नमुनाही मागतो. वेळ बदलली आहे, त्याचंही चुकत नाही. रिपोर्ट आम्ही काढतो, नमुना कुरिअरने पाठवतो. यंदा फेब्रुवारीत त्याने दोन नमुने नापास केले. तेच दोन ढीग नंतर त्याच्याच गावातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने जास्त भावाने नेले. याला काय म्हणायचं ते मुलीने ठरवावं. पुढच्या हंगामापासून सौद्याला ती उभी राहणार आहे.