आठ पॉइंटातली एक ओळ

आमच्या क्रीडा पाक्षिकाचा नव्या रूपातला पहिला अंक छपाईला जायचा होता. मधली पानं माझ्याकडे होती: मुख्य लेख, फोटोचं पान आणि शेवटी नव्यानेच आलेलं ‘पंधरवड्यात टीव्हीवर’.

हे नवं रूप चॅनेलचे ग्राफिक्स करणाऱ्या मंडळींनीच करून दिलं होतं. ज्या समूहाने आमचं पाक्षिक विकत घेतलं त्याचंच ते क्रीडा चॅनेल. मास्टहेडचा, म्हणजे पहिल्या पानावरच्या नावाच्या पट्टीचा, लाल रंग, आकड्यांचा ठसठशीत फॉन्ट, पानाच्या तळाशी स्कोअरची पट्टी, सगळं पडद्यावरून उचललेलं. दिसायला देखणं होतं, हे मान्यच करायला हवं. पूर्वी मजकूर दाटीवाटीने कोंबलेला असायचा, आता पान मोकळं झालं होतं.

पहिली अडचण सकाळीच आली. फोटोच्या सगळ्या चौकटी १६:९ मापाच्या, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासारख्या आडव्या होत्या. एकच फोटो दोन्हीकडे वापरता यावा, हा हेतू. माझ्यासमोर पोल व्हॉल्टचा फोटो होता. खेळाडू दांडीवरून अंग मुरडत पलीकडे जातेय, हात नुकतेच पोलवरून सुटलेत, पोल खाली मागच्या बाजूला कलतोय. असा फोटो मिळायला छायाचित्रकाराला नशीब आणि हातोटी दोन्ही लागतात. चौकटीत बसवला की एकतर दांडी जायची, नाहीतर पोल. दांडी कापली तर ती हवेत कशासाठी गेलीय ते कळेना, आणि पोल कापला तर तिथवर पोहोचली कशी ते कळेना. शेवटी आम्ही चौकट मोडली आणि फोटो पानाच्या पूर्ण उंचीचा उभा लावला. मजकूर शेजारच्या अरुंद कॉलमात. ‘टेम्प्लेट का मोडलं?’ असा फोन आला. संपादकांनी तो स्वतः घेतला आणि पान तसंच ठेवलं.

निकालांची पानं मात्र वाचवता आली नाहीत. ज्या स्पर्धा टीव्हीवर दिसत नाहीत त्यांचेही निकाल तिथे बारीक टायपात यायचे, आणि वाचक ते कापून वह्यांत चिकटवायचे. त्या जागी आता प्रक्षेपणाचं वेळापत्रक आलं होतं, तेही फक्त आपल्या चॅनेलचं. मला याचं आजही वाईट वाटतं. जो खेळ दिसत नाही त्याची नोंद निदान छापील अंकात राहायची.

खरा प्रसंग घडला तो मुख्य लेखावर. सामन्यांच्या वेळा कोण ठरवतं, असा विषय होता. १९८६चा फुटबॉल विश्वचषक मेक्सिकोत झाला, तेव्हा युरोपातल्या प्रेक्षकांना संध्याकाळी बघता यावेत म्हणून अनेक सामने भर दुपारी बारा वाजता खेळवले. माराडोनासकट खेळाडूंनी उघड तक्रार केली. बीजिंगच्या २००८ ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या अंतिम शर्यती सकाळी झाल्या, कारण तेव्हा अमेरिकेत रात्रीचा प्राइम टाइम होता. इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती. शेवटच्या परिच्छेदात मात्र आमचंच चॅनेल दाखवत असलेल्या लीगचे उन्हातले सामने होते.

संध्याकाळी चॅनेलच्या मार्केटिंगचे एक गृहस्थ डेस्कवर आले. बोलणं अगदी सौम्य. स्क्रीनवर चौकटीच्या कोपऱ्यात छोटा लाल अधिक दिसत होता, म्हणजे मजकूर मावत नव्हता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “तसंही बसत नाहीये, तर शेवटचा परिच्छेद काढून टाका ना.”

मी म्हटलं, “कापायचंच तर ठळक अवतरणाची चौकट काढते. परिच्छेद राहू दे. आणि खाली एक ओळ हवी: हे पाक्षिक आणि या लीगचे प्रक्षेपण हक्क एकाच समूहाकडे आहेत.”

“अहो, हे सगळीकडेच असतं. टूर द फ्रान्स तर वर्तमानपत्रानेच सुरू केली.”

त्यांचं खरं होतं. लोटो या फ्रेंच दैनिकाने १९०३मध्ये खप वाढवण्यासाठीच ती सायकल शर्यत काढली. पण ती आपली आहे हे त्या दैनिकाने लपवलं नाही. ईएसपीएनने १९९८मध्ये मासिक काढलं तेव्हा चॅनेलचं नाव मास्टहेडवरच होतं. ऑस्ट्रेलियातले चॅनेलमालक केरी पॅकर यांनी १९७७मध्ये आपल्या चॅनेलसाठी क्रिकेटची वेगळी मालिकाच उभी केली, तीही उघडपणे. मालक एक असणं याला माझा आक्षेप नाहीच. आमच्या अंकावर जुनंच नाव होतं, जुन्याच विश्वासाने लोक तो घेत होते, आणि आतला मालक बदललाय हे त्यांना कुठेच सांगितलं नव्हतं. मी हे सगळं बोलले. आवाज थोडा चढला असेल.

संपादक मध्ये पडले. “सर, ओळ छापून जाऊ द्या,” एवढंच मी म्हटलं. त्यांनी परिच्छेद पुन्हा वाचला, एक विशेषण खोडलं (ते खरंच जास्तीचं होतं) आणि पान सोडायला सांगितलं. लेखाखाली आठ पॉइंटात, म्हणजे बारीक टायपात, ती ओळ छापून गेली.

अंक आल्यावर लीगवाल्यांकडून तक्रार आली नाही. वाचकांची पत्रं आली. बहुतेकांनी निकालांची पानं परत मागितली होती, काहींनी त्या ओळीबद्दल विचारलं होतं: मग याआधीच्या लेखांचं काय? ती पत्रं मी संपादकांच्या टेबलावर ठेवली. मालकीची ती ओळ अनुक्रमणिकेच्या पानावर कायमची छापावी, असं लेखी मागितलंय. निर्णय अजून झालेला नाही. तोवर त्या लीगवरचं जे पान माझ्याकडे येतं, त्याच्याखाली मी ती ओळ टाकते आणि पान सोडण्याआधी संपादकांना दाखवते.