सीईटीचा अभ्यास पोराचा, कागद बापाचे

आमच्याकडे सीईटीची, म्हणजे बारावीनंतरच्या इंजिनीअरिंग-फार्मसीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी म्हटली की लोकांना फक्त क्लास आठवतो. लातूर की नांदेड, अमरावती की नागपूर, फी किती, पोट्टा होस्टेलवर टिकेल का. मी दारव्हा तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमीलेयर, पीक विमा, आणि हिवाळा सरता सरता परीक्षांचे फॉर्म. कोणता क्लास चांगला, हे मला विचारू नका. पण चांगलं पर्सेंटाइल काढून कागदापायी अडकलेली पोरं माझ्याच टेबलापुढे येऊन बसतात. तयारीतला हा अर्धा हिस्सा कोणत्याच क्लासच्या बॅनरवर नसतो.

सगळ्यात मोठी कटकट व्हॅलिडिटीची. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं, हे पुष्कळांना कॅप राउंड, म्हणजे सरकारी प्रवेश फेरी, तोंडावर आल्यावर कळतं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. म्हणजे पोरगं रोटेशनल डायनॅमिक्सची गणितं सोडवत असतं तेव्हा बाप आजोबाची शाळा शोधत फिरत असतो. आजोबा शाळेत गेलाच नसेल तर कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल काढा, नाहीतर जमिनीचा जुना अधिकार अभिलेख. बापाची किंवा सख्ख्या चुलत्याची व्हॅलिडिटी आधीच झालेली असली, तर मात्र अर्धं ओझं उतरलं म्हणून समजा.

दिवाळीनंतर शेजारच्या गावच्या एका काकांसोबत मी झेडपीच्या शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून लाल कापडात बांधलेलं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. पान उलटलं की भुगा टेबलावर. बऱ्याच वेळानं नाव सापडलं: ‘महादेव वल्द गणपत’, जातीच्या रकान्यात ‘माळी’, साल १९५२. काका चष्मा वर करून बघतच राहिले. “माह्या बुढ्यानं दुसरीतच शाळा सोडली होती, पण मास्तरानं नाव त लिहून ठेवलं!” पुढची गंमत अशी की काकांच्या स्वतःच्या टीसीवर वडिलांचं नाव ‘महादेवराव’. त्या एका ‘राव’साठी वेगळं शपथपत्र करावं लागलं.

मग वंशावळीचं शपथपत्र, ऑनलाइन अर्ज, प्राचार्यांची सही-शिक्का, आणि सगळा गठ्ठा यवतमाळला जात पडताळणी समितीकडे. त्रुटी निघाली की पुन्हा चक्कर. ज्यांचं नाव गावाकडच्या कॉलेजात आणि पोरगं मात्र क्लासच्या शहरात, त्यांची सहीपासूनच पंचाईत. अकरावी सायन्सला असतानाच हा अर्ज करता येतो, तरी माणसं बारावीचा पेपर होईपर्यंत थांबतात. का, ते मला अजून उमगलं नाही. व्हॅलिडिटी मुदतीत आली नाही तर राखीव जागा हातची जाते, मग पर्सेंटाइल कितीही असो.

मुलींच्या बापांना एक सांगतो. जुलै २०२४ मध्ये सरकारनं निर्णय काढला, त्यानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षण) मधल्या, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. “पोरीची फी नाही लागत म्हणते, खरं हाय का भाऊ?” असं लोक अजूनही दबक्या आवाजात विचारतात. खरं हाय. होस्टेल-मेसचा खर्च मात्र धरून चला, आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

परीक्षेचं म्हणाल तर सीईटी संगणकावर असते. आपल्या पोरांचा अंगठा मोबाइलवर भन्नाट चालतो, पण हातात माउस दिला की बाण स्क्रीनभर पळतो. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी एक कॉम्प्युटर त्यांना सरावाला मोकळा ठेवतो. पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) १८० मिनिटांत १५० प्रश्न. त्यातली पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची. ती संपली की तो भाग बंद, मग गणित. गणिताचा प्रश्न २ गुणांचा, आणि पेपर इंग्रजीतच. फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून घेता येतं, पण ते फॉर्म भरतानाच सांगावं लागतं.

चुकलेल्या उत्तराला सीईटीत गुण कापत नाहीत. नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या परीक्षेत, कापतात. दोन्ही परीक्षा देणारी पोरं नीटच्या धाकानं सीईटीतही प्रश्न कोरे सोडून येतात, तेव्हा माझा जीव जळतो. अरे, ठोक ना काहीतरी! बाकी अभ्यासक्रम स्टेट बोर्डाचाच, साधारण २० टक्के अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. बालभारतीची पुस्तकं फुकट डाउनलोड होतात, तरी गाइडवर हजार-हजार जातात.

सेंटर यवतमाळ किंवा अमरावती आलं आणि पाळी सकाळची असली, तर मुक्कामी गाडीच्या भरवशावर राहू नका. पेपर ९ ला, पण रिपोर्टिंग त्याच्या दीड तास आधी. आदल्या संध्याकाळीच मामाकडे, आत्याकडे जाऊन झोपा. एप्रिल-मेच्या उन्हात टू-व्हीलरवर घाई करून पोहोचलेल्या पोराचं डोकं पहिला अर्धा तास चालत नाही.

आणि फॉर्मवर मोबाइल नंबर घरचाच टाका, रिचार्ज चालू राहणारा. ओटीपी त्यावरच येतो. दुकानदाराचा नको, मामाचा नको, क्लासवाल्याचा तर नकोच.

अकरावीवाल्यांनी आत्ताच यावं. बापाची टीसी, जातीचा दाखला, रेशन कार्ड, कॉलेजचं बोनाफाईड सोबत आणा. फक्त बाजाराच्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी पीएम किसानच्या केवायसीची रांग पार पानठेल्यापर्यंत जाते.