छोटी इलेक्ट्रिक गाडी स्वस्त का होत नाही?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: सगळ्यात महाग पडतो तो पहिला नग. पॅटर्न, कोअर बॉक्स, मशीनिंगची फिक्श्चर्स या साच्या-साधनांचा, म्हणजे टूलिंगचा, खर्च एकदा वसूल झाला की पुढचं कास्टिंग मटेरिअल, वीज आणि मजुरीत पडतं. आपली छोटी पेट्रोल गाडी स्वस्त आहे ती यामुळेच. तिच्या इंजिन-गिअरबॉक्सचं टूलिंग कधीच फिटलंय आणि पुरवठादार देशातच आहेत. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी कपातीनंतर मारुतीची एस-प्रेसो एक्स-शोरूम साडेतीन लाखांपासून मिळू लागली. झुंज या आकड्याशी आहे.

त्या कपातीनं इलेक्ट्रिकची पंचाईतच केली. आधी छोट्या पेट्रोल गाडीवर सेससकट २९ टक्के कर होता, इलेक्ट्रिकवर ५. म्हणजे २४ टक्क्यांची सवलत. आता पेट्रोलवर १८ टक्के, त्यामुळे उरली १३ ची. अनुदानाचं म्हणाल तर केंद्राच्या फेम-२ या इलेक्ट्रिक वाहनांच्या योजनेत खासगी कारला ते नव्हतं आणि नंतरच्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही नाही.

बॅटरी केवढ्याची, हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. पण २०२४ मध्ये एमजीनं आपल्या छोट्या इलेक्ट्रिक कॉमेटची बॅटरी भाड्यानं द्यायची योजना आणली, तेव्हा अंदाज आला. बॅटरीसकट गाडी ६.९९ लाखांपासून, बॅटरी भाड्यानं घेतली तर ४.९९. फरक २ लाखांचा, बॅटरी १७.३ किलोवॉट-अवरची (एक किलोवॉट-अवर म्हणजे विजेचं एक युनिट). म्हणजे किलोवॉट-अवरला साधारण साडेअकरा हजार. गंमत पुढेच आहे: बॅटरी वजा केलेली ही दोन दारांची गाडीसुद्धा चार दारांच्या एस-प्रेसोपेक्षा दीड लाखानं महाग!

कारण बॅटरी लहान केली तरी बाकीचं सामान लहान होत नाही. मोटर, तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर, ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, कॉन्टॅक्टर, हाय-व्होल्टेज केबल, बॅटरीवर लक्ष ठेवणारी बीएमएस यंत्रणा, पाणी न शिरणारी आणि धडक सोसणारी बॅटरीची पेटी, यातलं काहीच वगळता येत नाही. सेल बहुतेक चीनमधून येतात. मोटरच्या मॅग्नेटचंही तेच. एप्रिल २०२५ मध्ये चीननं या मॅग्नेटच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर आपल्या कंपन्यांची धावपळ झाली. मोटरचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं असतं, आणि कोल्हापूरचा हात बसलाय तो मुख्यतः ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडांवर.

मग कंपनी काय करते? महिंद्राची मोठी इलेक्ट्रिक गाडी बीई ६ ही १८.९० लाखांपासून सुरू झाली, बॅटरी ५९ किलोवॉट-अवर. त्याच दरानं बॅटरीचे पावणेसात लाख काढले तरी बाकी गाडीसाठी बारा लाख उरतात. छोट्या गाडीत उरतात पाच. डोकं कुठे लावायचं, हे उघड आहे. टाटांनी टिआगो इव्ही २०२२ मध्ये आणली, पण तीही पेट्रोल टिआगोच्याच सांगाड्यावर. अख्खी नवी छोटी गाडी उभारायची जोखीम घेतली नाही.

वापरणाऱ्याच्या बाजूनं बघा. पेट्रोल १०५ रुपये आणि मायलेज १९ धरलं तर किलोमीटरला साडेपाच रुपये. इलेक्ट्रिकला युनिटमागे ७ किलोमीटर आणि युनिट १२ रुपये धरलं तर १ रुपया ७० पैसे. वाचले ३.८०. किमतीतला फरक तीन लाख असेल, तर तो फिटायला जवळपास ८० हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला साडेसहा वर्षं, अडीच हजार फिरणाऱ्या टॅक्सीवाल्याला पावणेतीन. बॅटरी भाड्याची घेतली तर किलोमीटरला अडीच रुपये भाडं धरून बचत सव्वा रुपयावर येते.

शिवाय ज्याच्याकडे एकच गाडी, त्याला तीच पुण्यालाही न्यायची असते. कोल्हापूरहून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, आणि कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंगच नाही. शहरापुरती वापरायची तर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, शुक्रवार पेठेत गाडी रात्री रस्त्यावर उभी. वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा पॉइंट तिथे कुठून आणणार? ज्याच्या बंगल्यात तो पॉइंट आहे, तो टाटांची मोठी नेक्सॉनच बघतो.