शुगर ६.३ वरून ५.७ : माझा दहा महिन्यांचा अनुभव

मागच्या वर्षी गणपतीनंतर सहज म्हणून रक्त तपासलं तर शुगर जास्त आली. मला वाटलं सणाचं गोडधोड झालंय, उतरेल आपोआप. पण डॉक्टरांनी एचबीएवनसी करायला लावली आणि ती आली ६.३ टक्के. त्यांनी नीट समजावलं की ही टेस्ट एका दिवसाच्या खाण्याची नसते, रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब लागतो. ५.७ च्या आत असेल तर ठीक, ६.५ पासून पुढे डायबेटिस, म्हणजे मी मधल्या पट्ट्यात. माझ्या वडिलांचा पाय या आजाराने गेला, मी तो काळ बघितलाय, त्यामुळे एसटीत बसल्यावर रडूच आलं.

गोळी लगेच नको, तीन महिने खाणं बदला आणि रोज चाला, एवढंच सांगितलं होतं. मग मी मोबाईलवर बघून ओट्स आणले. दोन आठवडे माझं वेगळं, घरच्यांचं वेगळं असं शिजवून दमले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगो, आम्ही वर्षभर नाचणीचीच भाकरी खाल्ली, भात सणावारी. ह्ये कसलं गिळगिळीत खातेस?" त्या ७८ वर्षांच्या आहेत, शुगर नाही, अजून परसातली भाजी स्वतः काढतात. ते डोक्यात बसलं.

पण नुसत्या ऐकीव गोष्टीवर जायचं नाही असं ठरवलं आणि ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या थेंबभर रक्तातली साखर घरीच मोजायचं यंत्र, घेतला. जेवल्यावर दोन तासांनी मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे मी जवळजवळ दोन महिने केलं, आणि खरं शिकले ते इथेच. ताट भरून पांढरा भात आणि कुळथाची पिठी, १८८ (हे आकडे त्या वेळच्या साखरेचे, मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये; एचबीएवनसीचा आकडा वेगळा). उकडा तांदूळ, तोही एक वाटीच, सोबत मासा आणि भाजी, १५१. दीड नाचणीची भाकरी, बांगडा, टाकळ्याची नाहीतर लाल माठाची भाजी, १३४. मला वाटलं नाचणी म्हणजे सुटलोच, म्हणून एक दिवस सकाळी नाचणीचं सत्त्व गूळ घालून प्यायले तर १९२! तेव्हा कळलं की सत्त्व करताना आपण कोंडा गाळून टाकतो, उरतो नुसता पिठूळ भाग, त्यात गूळ, आणि प्यायचं पातळ, म्हणजे साखर झरझर रक्तात जाणारच. तेव्हापासून भाकरीचं पीठ चाळायचं बंद केलं आणि सत्त्वही बंद. हे आकडे माझ्या अंगाचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण प्रत्येकाने एकदा तरी स्वतःचे मोजून बघावेत असं मला मनापासून वाटतं.

माशाचं मात्र मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे पाहुणा आला की सुरमई नाहीतर पापलेट, आणि बांगडा-तारली म्हणजे स्वस्तातलं, असंच लहानपणापासून. हर्णै बंदरावर मी ज्या मावशींकडून घेते त्यांच्या टोपलीत एकदा तळहातापेक्षा लहान पापलेटं होती, मी विचारलं एवढी बारकी कशाला आणता, तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक मागतं म्हणून येतात ताई. तळून पानात दिसायला बरी दिसतात." मग घरी येऊन वाचलं. २०२३ मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, कारण एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू पकडलं तर पुढच्या वर्षी जाळ्यात येणार काय? जून-जुलैची मासेमारी बंदी पाळायची आणि ऑगस्टमध्ये पिल्लंच खायची, हे मला फार लागलं. आता घरात बांगडा, तारली, मांदेली. तारली प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीकसारीक जीव, खाऊन जगते म्हणून तिच्यात पारा फार साठत नाही, मोरीसारख्या (म्हणजे शार्क) मोठ्या माशात तो साठत जातो, आणि हृदयाला चांगलं ते ओमेगा-३ तर या स्वस्त माशांत भरपूर. रवा लावून तळण्याऐवजी तिरफळ घालून तिखलं करते, मुलांनी आठवडाभर तोंडं वाकडी केली, मग खायला लागली.

पाकिटातली बिस्किटं आणि फरसाण कमी केलं. मागे बारीक अक्षरात बघा, बहुतेक ठिकाणी पाम तेल. जगात सगळ्यात जास्त पाम तेल आपला देश आयात करतो, ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं, आणि त्याच्या बागांसाठी तिथली जंगलं तुटलीत. पण म्हणून सगळं खोबरेल तेलात करू नका हां, त्यात संपृक्त चरबी, हृदयाला वाईट ती, पाम तेलाहूनही जास्त असते. तेलच कमी वापरायचं, दुसरा उपाय नाही.

डिसेंबरात ६.०, आणि जूनमध्ये ५.७. वजन पाच किलोने उतरलं. डॉक्टर म्हणाले अजून काठावरच आहात, सोडू नका.

आता अडचण नाचणीची. आमच्या ओळखीच्या एका शेतकरीदादांची वरकस जमीन आहे, डोंगरउतारावर, तिथे भातासारखं पाणी साठवावं लागत नाही. (भाताच्या तुंबलेल्या पाण्यातून मिथेन हा हवा तापवणारा वायू निघतो, हेही मला या सगळ्यातच कळलं.) पण रानडुकरं आणि माकडं काही ठेवत नाहीत, भाव बेभरवशाचा, म्हणून ते यंदा जमीन पडीक टाकणार होते. बचत गटात मी विषय काढला, आम्ही नऊ जणींनी मिळून दोनशे किलोची आगाऊ मागणी दिली, भाव मेमध्येच ठरवला आणि निम्मे पैसे हातात दिले. दादांनी लावणी केली. मागच्या आठवड्यात जाऊन बघून आले, रोपं हातभर झालीयत. कणसं धरली की डुकरं उतरतील, तेव्हा रात्री राखणीला आमच्या नऊ घरांतून कोणी कधी जायचं त्याच्या पाळ्या लावायचं चाललंय.