तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कुणी सुरू केलं?

मी कॉलेजात बी.ए.ला मध्ययुगीन युरोप शिकवायचे हे कळलं की लोक हा प्रश्न विचारतातच. लग्नाच्या पंगतीत विचारलाय, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या कट्ट्यावर विचारलाय, एकदा तर तपासणीसाठी रक्त काढता काढता लॅबमधल्या मुलाने विचारला. "मॅडम, ते क्रुसेड... आधी कुणी सुरू केलं? त्यांनी की त्यांनी?" (क्रुसेड म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिस्ती फौजा मुसलमानांशी लढल्या, त्या लढाया.) पहिल्या 'त्यांनी'ला, म्हणजे ख्रिस्त्यांना, मान एकीकडे, दुसऱ्याला, म्हणजे मुसलमानांना, दुसरीकडे. बहुतेकांकडे उत्तर तयार असतं, त्यावर माझी फक्त सही हवी असते.

सही देण्याआधी एका शब्दाचं बघू. आपल्याकडे क्रुसेडला सर्रास 'धर्मयुद्ध' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. आपल्या कानाला धर्मयुद्ध म्हणजे नियमांनी लढलेलं युद्ध. सूर्य मावळला की शस्त्रं खाली, निःशस्त्रावर वार नाही. (नियम मोडले गेले, पण मोडले हे आपण अजून विसरलेलो नाही.) १०९६ साली युरोपातून निघालेले लोक स्वतःला धर्मयोद्धे म्हणत नव्हते आणि क्रुसेडरही म्हणत नव्हते, तो शब्द मागाहून रुळला. आम्ही यात्रेला चाललोय, असं ते म्हणायचे. जेरुसलेमला जायचा नवस बोलायचा, खूण म्हणून कापडाचा क्रूस अंगरख्यावर शिवून घ्यायचा. नवस फेडला नाही तर चर्च वाळीत टाकणार. फरक एवढाच, की ही यात्रा हत्यारबंद होती.

माझ्या मते सगळी गोम या 'यात्रे'त आहे. त्यासाठी तीसेक वर्षं मागे, हेस्टिंग्जच्या लढाईपर्यंत जावं लागतं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. जिंकलेल्या सैन्याला पुढे त्यांच्याच बिशपांनी प्रायश्चित्ताची यादी काढून दिली. ज्याला आपण माणूस मारल्याचं माहीत आहे त्याने माणसामागे एक वर्ष. जखमी केलं, पण मेला की नाही कळलं नाही, तर चाळीस दिवस. किती मारले याचा हिशेबच नसेल, तर जन्मभर आठवड्यातून एक दिवस. तिरंदाजांची तर पंचाईतच, बाण कुणाला लागला हे त्यांना कुठून कळणार? त्यांना सरसकट तीन चाळिशीचे, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचे, उपवास. ही यादी मी वर्गात वाचून दाखवायचे तेव्हा मुलं हसायची. मला मात्र ती वाचताना नेहमी त्या घोडेस्वाराची कीव यायची. त्याला लढण्यापलीकडे दुसरं काही येत नाही, आणि प्रत्येक लढाईनंतर पापाची उधारी वाढतच जाते.

२७ नोव्हेंबर १०९५ला फ्रान्समधल्या क्लेरमाँला पोप दुसऱ्या अर्बनने नेमक्या याच माणसाला वाट दाखवली. त्या परिषदेचा ठराव म्हणतो, की मान किंवा पैसा मिळवण्यासाठी नव्हे तर केवळ भक्तीने जो जेरुसलेमला देवाचं चर्च सोडवायला जाईल, त्याचा तो प्रवासच सगळ्या प्रायश्चित्तांच्या जागी धरला जाईल. काल ज्या तलवारीमुळे प्रायश्चित्त घ्यावं लागत होतं, आज तीच तलवार प्रायश्चित्त ठरली. अर्बनच्या भाषणाचे जे मोठमोठे उतारे फिरतात ते जरा जपून घ्या. ती भाषणं लिहिणाऱ्यांनी ती जेरुसलेम पडल्यावर लिहिली आहेत, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

अर्बनला स्वतःलाही याची गरज होती. जर्मन सम्राट चौथ्या हेन्रीने दुसराच पोप उभा केला होता, आणि कितीतरी वर्षं अर्बनला रोममध्येच धड पाय टेकता येत नव्हता. अशात पूर्वेकडून निमित्त चालून आलं. १०७१ला मान्झिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याने बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याच्या, सम्राटाला चक्क कैद केलं होतं. त्यानंतर तुर्क आजच्या तुर्कस्तानात आत आत घुसत गेले, बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) जवळचं निकाया त्यांची राजधानी झालं. मार्च १०९५ला सम्राट अलेक्सिओसचे वकील इटलीत पोपकडे मदत मागायला आले. त्याला हवे होते पगारी स्वार. असे पाचशे फ्लँडर्सच्या काउंटने त्याला पूर्वी दिलेही होते. शे-पाचशे स्वार मागवले आणि दारात अख्खं गाव येऊन उभं राहिलं, अशी त्याची गत झाली.

"पण जेरुसलेम तर मुसलमानांनीच घेतलं होतं ना?" हा पुढचा प्रश्न. हो, घेतलं होतं. ६३८च्या सुमारास, आणि सिरिया, इजिप्त हेही ख्रिस्ती मुलूखच होते. पण मग साडेचारशे वर्षं सूड कुठे झोपला होता? १००९ला इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी घराण्याचा खलिफा अल-हाकिम याने येशूच्या थडग्यावरचं चर्च पाडलं, तेव्हाही युरोपातून फौज निघाली नाही. ते पुन्हा बांधलं गेलं बायझंटाइन पैशातून.

इथे माझीही एक चूक कबूल करते. वडिलोपार्जित जमीन न मिळालेले धाकटे मुलगे लुटीसाठी गेले, अशा नोट्स मी कित्येक वर्षं दिल्या. फळ्यावर लिहायला सुटसुटीत कारण होतं ते. पण हिशेब बसत नाही. जायलाच एवढा खर्च, की घरची शेतीवाडी गहाण पडायची. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट हा विल्यमचा थोरला मुलगा. त्याने आख्खी नॉर्मंडी धाकट्या भावाकडे दहा हजार मार्क चांदीला गहाण टाकली. जमिनीचा लोभी माणूस हातची जमीन अशी सोडत नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी तेवढी ओळ खोडून टाकावी.

आणि ही यात्रा कुणावर जाऊन आदळली? सर्वात आधी जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या ज्यूंवर. १०९६च्या उन्हाळ्यात वर्म्स आणि माइन्झमध्ये वस्त्याच्या वस्त्या कापल्या गेल्या. तीन वर्षांनी, १५ जुलै १०९९ला, जेरुसलेम घेतलं, तेव्हा आत तुर्क नव्हतेच. आदल्याच वर्षी इजिप्तच्या फातिमींनी त्यांना हुसकून लावलं होतं. ज्यांच्या नावाने घर सोडलं त्यांच्याऐवजी त्यांच्याच वैऱ्यांशी गाठ पडली. कत्तल मात्र ठरल्यासारखी झाली.

तुमचा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. ११०५ला दमास्कसमध्ये अली इब्न ताहिर अल-सुलामी नावाच्या विद्वानाने लोकांपुढे त्याचं उत्तर मांडलं. आमची आपसातली फूट बघून फ्रँक (पश्चिम युरोपातल्या ख्रिस्त्यांना तिकडे असंच म्हणत) आधी सिसिलीवर आले, मग स्पेनमध्ये, आणि आता इथे, असं त्याचं म्हणणं. हे आपल्याच पापांचं फळ आहे, असं तो ऐकणाऱ्यांना बजावत होता. आधी स्वतःच्या मनाशी लढा, मग फ्रँकांशी. ऐकायला फारसं कुणी नव्हतं.